पांढरा औदुंबर

माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ सातपूरच्या कामगार वसाहतीत, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होता. स्टुडिओ काढण्याआधी ते एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर उभं राहून पाय दुखायला लागले म्हणून नोकरी सोडली, असं ते लोकांना सांगत. खरं कारण एवढंच, की त्यांना फोटोचं वेड होतं. कारखान्यातल्या जुन्या ओळखींमुळे त्यांना कॅटलॉगचं काम मिळायचं. गिअर, व्हॉल्व्ह, पंपाचे भाग पांढऱ्या कार्डशीटवर मांडायचे, चकाकणाऱ्या लोखंडावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवायचा आणि कृष्णधवल फोटो काढायचे. घरी पावडरचा डबा कधी जागेवर नसायचा आणि आई त्यावरून रोज बोलायची.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत सगळीकडे रंगीत फोटो आले. मुख्य रस्त्यावर रंगीत फोटोंची लॅब उघडली आणि लग्न-बारशाचे रोल तिकडे जायला लागले. आमची डार्करूम पासपोर्टच्या फोटोंपुरती उरली. बाबा तरीही आठवड्यातून एकदा तिथल्या बाटल्या पुसून ठेवत.

अशा दिवसांत ते सामान आणायला मुंबईला गेले होते. नेहमीच्या दुकानदाराने त्यांना तीन रोल दाखवले. इन्फ्रारेड फिल्म. कोणीतरी मागवली होती आणि न्यायला आलंच नव्हतं. दुकानदार म्हणाला, "माझ्याकडे पडून खराब होईल. तुम्हाला हौस आहे, घेऊन जा." ही फिल्म गार ठेवावी लागते हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी घरचा रुंद तोंडाचा थर्मास सोबत नेला नव्हता, म्हणून स्टेशनाजवळून एक नवा विकत घेतला, त्यात बर्फ भरला आणि रोल नाशिकला आणले. नवा थर्मास पाहून आईला आधी आनंद झाला. मग फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी तीन डब्या दिसल्यावर तो आनंद मावळला.

मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरणांची व्याख्या होती. ती मला पाठ होती आणि परीक्षेत मी ती लिहिलीही होती. बाबांनी मला विचारलं, "तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

मी सांगितलं, की आपल्या डोळ्यांना तांबड्या रंगापर्यंत दिसतं, त्याच्या पलीकडचा प्रकाश असतो पण दिसत नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "ही फिल्म तो टिपते. कसं दिसतं ते मलाही माहीत नाही. बघू दोघं मिळून."

'दोघं मिळून' हे मला फार आवडलं. तोवर डार्करूममध्ये मी फक्त ट्रे धुवायला जायची.

दिवाळी होऊन गेली होती. नाशिकला त्या दिवसांत आभाळ अगदी स्वच्छ, गडद निळं असतं. बाबांनी भर दुपारची वेळ निवडली, कारण ऊन जितकं लख्ख तितकं चांगलं. जवळची मोकळी जागा म्हणजे वसाहतीतलं दत्ताचं देऊळ. देऊळ कसलं, औदुंबराखाली पादुकांचा चौथरा, वर चुना दिलेली छोटी घुमटी आणि भोवती लोखंडी कठडा. बाबा दर गुरुवारी तिथे आरतीला जायचे, आजारी असले तरी जायचे. त्यांनी कॅमेऱ्याची तिवई उभी केली, चौकट जमवली आणि मग लेन्ससमोर एक गडद लाल काच बसवली. ती लावल्यावर कॅमेऱ्यातून मला जवळजवळ काहीच दिसेना. लेन्सवर फोकसच्या खुणेशेजारी एक बारीक लाल ठिपका होता. बाबांनी फोकस त्या ठिपक्यापर्यंत सरकवला. मी इतकी वर्षं तो ठिपका पाहत होते आणि कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"हा प्रकाश जरा वेगळ्या जागी गोळा होतो," ते म्हणाले. "कॅमेरा बनवणाऱ्याने आपली सोय करून ठेवली आहे."

प्रकाश किती लागेल याचा अंदाज नव्हता. म्हणून त्यांनी तोच फोटो कमीजास्त वेळ देऊन अनेकदा काढला. रोल संपेपर्यंत त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोटो छापला. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर आधी आभाळ उमटलं, काळंभोर. मग कठड्याच्या सळ्या आल्या. औदुंबर काही उमटेना. मला वाटलं, झाड फिल्मवर आलंच नाही. पण ते आलं होतं. कागद जिथे कोराच राहिला होता तिथेच औदुंबर होता, पान न् पान पांढरं. पानांच्या कडांभोवती मंद प्रकाशाची साय पसरली होती. अमावस्येच्या रात्री एखाद्या झाडाला आतून दिवे लागावेत तसं ते दिसत होतं, आणि फोटो तर भर दुपारचा होता. बाबा ओले हात पुसायचे विसरले. केमिकलचे थेंब त्यांच्या चपलेवर पडत होते.

"व्याख्येत हे नव्हतं," मी म्हणाले.

"व्याख्येत कुठून असणार," ते म्हणाले आणि हसले.

त्यांनी फोटो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. लावला तो बुधवारी, आणि दुसरा दिवस गुरुवार. सकाळी देवळातून परतणाऱ्या बायका काचेपाशी थांबल्या. एकीने काचेला हात लावून तो कपाळाला लावला. दुपारपर्यंत शाळेतून येणारी मुलं, शिफ्ट सुटलेले कामगार, भाजीच्या गाडीवाले असे सगळे येऊन पाहून गेले. संध्याकाळी पाहिलं तर काचेखाली कोणीतरी उदबत्ती लावून दोन जास्वंदीची फुलं ठेवली होती.

बाबांनी घाईघाईने फोटोखाली एक चिठ्ठी चिकटवली. त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलं, 'हा फोटो इन्फ्रारेड फिल्मवर काढला आहे.' त्याने भलतंच झालं. तो शब्द कोणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे गूढ आणखी वाढलं. शनिवारी दुसऱ्या वसाहतीतले एक गृहस्थ सायकलवरून आले आणि त्यांनी आदराने विचारलं, "इन्फ्रारेड दत्त इथेच ना?"

मग उत्सव मंडळाचे सेक्रेटरी आले. हे काका बाबांचे कारखान्यातले जुने सोबती. दत्तजयंती जवळ आली होती. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की यंदा मंडळाच्या कॅलेंडरवर हाच फोटो छापायचा आणि खाली ओळ घालायची, 'औदुंबरी प्रकटले साक्षात तेज'.

"फोटो छापा," बाबा म्हणाले. "ओळ नको."

"का? फोटो खोटा आहे का?"

"फोटो खरा आहे."

"मग त्यात दिसतंय तेही खरं आहे."

"तेही खरं आहे. पण ते या एकट्या झाडाचं नाही. कुठलंही हिरवं पान या फिल्मवर असंच दिसतं."

"तुम्ही दुसऱ्या झाडाचा काढलाय का?"

बाबांनी काढला नव्हता. सगळा रोल त्यांनी औदुंबरावरच संपवला होता. काका म्हणाले, "मग तुम्हाला तरी काय माहीत?" आणि निघून गेले.

घरी आईचं म्हणणं वेगळं होतं. "लोक हात जोडतात तर जोडू द्यावेत. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"मी हात जोडू नका म्हणत नाही. मी स्वतः जोडतो," बाबा म्हणाले. "पण माझ्या फोटोखाली मला जे ठाऊक आहे त्याच्या उलट लिहायला नको."

त्यानंतर काही दिवस वसाहतीत आमच्याशी लोक जरा तुटक वागू लागले. एका घरचं बारसं ठरलेलं होतं, त्यांनी फोटोग्राफर बदलला. बाबा गुरुवारी आरतीला गेले तेव्हा त्यांच्या हातात आरतीचं तबक नेहमीप्रमाणे आलं नाही. ते मागे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मला मात्र फार लागलं. एवढा सुंदर फोटो काढणाऱ्या माणसाने मान खाली घालून का उभं राहावं, असं मला वाटत राहिलं.

ही गाठ सोडवली ती एका फुलवाल्या मावशींनी. त्यांचा मळा मखमलाबादच्या पुढे होता. दर गुरुवारी त्या झेंडूच्या माळा आणि भाजीच्या जुड्या घेऊन देवळापाशी बसत. एका गुरुवारी घरी निघायच्या वेळी त्या टोपली डोक्यावर घेऊन स्टुडिओत आल्या आणि त्यांनी तो फोटो जवळून पाहिला.

"साहेब, तुमची पोरगी सांगत व्हती, समदी झाडं अशीच दिसत्यात म्हणून. मंग माझा कोथिंबिरीचा वाफा बी असाच दिसंल?"

बाबा उठून उभेच राहिले. "दिसेल. नक्की दिसेल."

"मंग या की मळ्यात."

रविवारी आम्ही स्कूटरवरून गेलो. मी मागे तिवई आडवी धरून बसले होते. मावशींनी आणि त्यांच्या मालकांनी आमच्यासाठी वाफे भिजवून ठेवले होते, जणू पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं. बाबांनी कोथिंबीर घेतली, मेथी घेतली, झेंडूची ओळ घेतली, विहिरीचं पाणी घेतलं. शेवटी मावशींना वाफ्यात उभं केलं. त्यांनी त्या दिवसासाठी गडद हिरवी नायलॉनची साडी नेसली होती आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं होतं.

फोटो छापले तेव्हा कोथिंबिरीचा वाफा कापूस पिंजून अंथरल्यासारखा आला होता. विहिरीचं पाणी शाईसारखं काळं. पण मावशींचा फोटो ट्रेमध्ये वर आला आणि आम्ही दोघं ट्रेवर वाकलो. त्यांची हिरवी साडी पांढरीशुभ्र झाली होती. आणि कपाळ मोकळं होतं. कुंकू दिसतच नव्हतं.

"तांबडा रंग," मी हळूच म्हणाले. "तो या प्रकाशात कातडीसारखाच उजळ दिसतो. साडीचा रंगही."

"ते मला कळलं," बाबा म्हणाले. "पण हा फोटो त्यांना द्यायचा कसा?"

सवाष्ण बाईच्या हातात असा फोटो द्यायचा म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही समजत होतं. बाबा म्हणाले, हा बाजूला ठेवू, वाफ्याचे तेवढे देऊ. पण मावशींनी हौसेने फोटो काढून घेतला होता आणि त्या तो मागणारच होत्या. शेवटी बाबा स्वतः मळ्यात गेले. मी सोबत होते. त्यांनी आधी सगळं समजावलं, मग पाकीट पुढे केलं.

मावशींनी फोटो पाहिला. त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. त्यांनी बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. मग त्यांचे मालक, मोटरच्या खोलीपाशी उभे होते ते, म्हणाले, "अगं, मी हाय ना हितं जित्ता."

मावशी एकदम हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. "साहेब," त्या म्हणाल्या, "माझं कुंकू कपाळाव हाय अन् फोटूत नाय. ह्यो फोटू लावा त्या औदुंबराशेजारी. मी सांगते बायांना."

"तुम्हाला चालेल?"

"माझाच फोटू हाय. मला नाय चालत तर कुणाला?"

परतताना बाबा स्कूटर फार हळू चालवत होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ते गुणगुणत होते.

तिसरा रोल वसाहतीवर खर्च झाला. आता मीही चौकट ठरवायला लागले होते. आम्ही दारोदारच्या तुळशी घेतल्या. नाल्याकाठचं काँग्रेस गवत घेतलं, ज्याला कोणी ढुंकूनही पाहत नाही. चहाच्या टपरीवर काचेच्या ग्लासात कोरा चहा ठेवून घेतला, तो फोटोत जवळजवळ पाण्यासारखा नितळ आला. आईची काळी छत्री उघडून घेतली, ती फिकट राखाडी झाली. आईने स्वतः मात्र फोटोत यायला साफ नकार दिला. कुंकवाची गोष्ट तिने ऐकली होती.

सेक्रेटरी काकांच्या दारात एक करंज होता. मुलगी झाली त्या वर्षी त्यांनी तो लावला होता. बाबांनी त्याचा फोटो घेतला आणि तो छापून स्वतः त्यांच्या घरी नेला. मीही गेले. काका आधी नीट बोलले नाहीत, पण फोटो हातात घेतल्यावर ते तो खिडकीपाशी घेऊन गेले.

"हे आमच्या दारातलं?"

"हो. गेटचा कडीकोयंडा दिसतोय बघा."

काका बराच वेळ पाहत राहिले. मग आतून मुलीला हाक मारली, तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "बाबा, आपलं झाड पण चमकतंय." काकांनी फोटो टेबलावर ठेवला आणि बाबांना विचारलं, "एकूण किती आहेत असे?"

"तीसेक निघतील."

"मांडवाची डावी बाजू मोकळी असते," काका म्हणाले. "ओळीने लावा. मधोमध औदुंबर पाहिजे, एवढं माझं ऐका."

"तो मधोमधच असणार होता," बाबा म्हणाले.

दत्तजयंतीला दुपारपासून लोक येऊ लागले. मांडवाच्या डाव्या कनातीला आम्ही दोऱ्या बांधून फोटो टांगले होते. फोटोंखाली बाबांनी फक्त जागा लिहिली होती. 'नाल्याकाठचं गवत'. 'गल्लीच्या तोंडाची तुळस'. 'मखमलाबाद, कोथिंबीर'. मला वाटलं होतं, सांगायचं काम बाबा करतील. पण पहिला घोळका आला तेव्हा ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "ती सांगेल."

मी तोवर वर्गातसुद्धा उठून कधी बोलले नव्हते. मग एका मुलाने विचारलं, "ताई, गवतावर बर्फ पडलाय का?" आणि त्याला उत्तर देता देता मी बोलत गेले. आपले डोळे कुठे थांबतात, हिरवं पान कुठला प्रकाश परत फेकतं, आभाळ काळं का येतं, औदुंबराभोवती जी प्रभा दिसते ती फिल्मच्या थरात उजेड पसरल्यामुळे कशी येते. काही मला पुस्तकातून ठाऊक होतं, काही बाबांनी डार्करूममध्ये सांगितलेलं. मागून एका गृहस्थांनी बाबांना विचारलेलं मला ऐकू आलं, "मुलगी कोण?" बाबा म्हणाले, "माझी. फिजिक्सला आहे." त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं, की गृहस्थांना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी मोठ्याने सांगितलं.

मावशी चार वाजता आल्या, तीच हिरवी साडी नेसून. आपल्या फोटोशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बायकांचा घोळका जमला, कुजबूज झाली. मावशींनी कपाळाकडे बोट दाखवलं. "हे बघा. अन् ह्ये बघा फोटूत. साडी बघा. नीट बघा. फोटूला दिसतंय ते येगळं अन् आपल्याला दिसतंय ते येगळं. दोन्ही मीच हाय." मग त्यांनी बायकांना हाताला धरून कोथिंबिरीपाशी नेलं आणि सांगितलं, की यातल्या चार जुड्या गेल्या गुरुवारी तुम्हीच नेल्या आणि आमटीत टाकल्या.

सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. एक म्हातारे काका मला म्हणाले, "पोरी, पहिला एकच होता तेव्हा बरं वाटत होतं." औदुंबराच्या फोटोपुढे त्या दिवशीही पुष्कळांनी हात जोडले, बाबांनी कोणाला अडवलं नाही. पण एका बाईंनी गल्लीतल्या आपल्या तुळशीच्या फोटोलाही हात जोडले, आणि एका कामगाराने नाल्याकाठच्या गवतापुढे उभं राहून बायकोला सांगितलं, "रोज ह्याच्यावरनं सायकल नेतो मी." जन्माच्या आरतीच्या वेळी सेक्रेटरी काकांनी तबक बाबांच्या हातात दिलं. बाबांचे डोळे भरून आले होते. आई माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं नव्हतं त्यांना जमेल म्हणून." आणि तिने पदर नीट केला, जसं कोणी आपल्याकडे पाहत असेल तेव्हा करतात.

कॅलेंडर छापलं गेलं. खाली ओळ होती, 'आपल्या वसाहतीतील औदुंबर', आणि फोटो काढणाऱ्या स्टुडिओचं नाव. ते कॅलेंडर पाहून दोन कारखान्यांनी बाबांना पुन्हा कॅटलॉगच्या कामाला बोलावलं.

तशी फिल्म पुढे मिळाली नाही. दुकानदार दरवेळी 'बघतो' म्हणायचा. दोन हजार सालानंतर डिजिटल कॅमेरे आले, बाबांनी डार्करूमचा ओटा काढून तिथे कॉम्प्युटर ठेवला. मी एमएस्सी करून ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. अवरक्त किरणांचा धडा आला की मी ते फोटो वर्गात न्यायची. एका वर्षी मुलं म्हणाली, ज्यांनी काढले त्यांनाच बोलवा. बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. दहावी आणि आयटीआय झालेला माणूस, फळ्यासमोर उभं राहताना आधी जरा बावरला. मग त्यांनी लेन्स हातात घेतली आणि बोलायला लागले, तेव्हा तासाची घंटा झालेली कोणाला कळली नाही.

शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, लोक रागावले तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?"

'सर' म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"वाटली ना," ते म्हणाले. "धंदा होता माझा, शेजारीपाजारी होते. पण फोटो इतका चांगला आला होता की त्याच्याबद्दल खोटं बोलवेना."

मी शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसले होते. वर्गात टाळ्या झाल्या. शेजारच्या मुलाने मला विचारलं, "मॅडम, हे तुमचे वडील?" मी हो म्हणाले. मग, त्याने पुन्हा विचारलं नव्हतं तरी, जरा मोठ्याने म्हणाले, "हो, माझे वडील."